शेतकी तीन कुठून बोलत होता?

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. लिहायचा धीर होत नव्हता. कारण प्रत्येक अनुभवाखाली 'हे सगळे मनाचे खेळ असतात' अशी प्रतिक्रिया टाकणारा एक जण असतो ना... त्यातला एक मीच आहे, वेगळ्या नावानं. त्यामुळे आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, चकवा, यातलं काहीही मी मानलेलं नाही आणि आजही मानत नाही. माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स. सिग्नल येतोय म्हणजे तो कुठून तरी निघालाय. जिथून निघालाय तिथं एक सेट आहे आणि त्या सेटमध्ये चार्ज असलेली बॅटरी आहे. बास, एवढंच. आयुष्यात एकदाच हे गणित चुकलं, ते लिहितोय.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. आमच्या भागात मोबाईल अजून यायचे होते. डिप्लोमा करून मी बारामतीत एका वायरलेस दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो. मालकांकडे आसपासच्या साखर कारखान्यांचं मेंटेनन्सचं काम होतं. नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो — त्या काळी कारखान्यांचं स्वतःचं वायरलेस असायचं. कारखान्यात उंच टॉवर, त्याखाली बेस स्टेशनची खोली, जीपमध्ये एकेक सेट, आणि शेतकी खात्याच्या ओव्हरसियर लोकांच्या कमरेला हातातला सेट. कुठल्या शिवारात तोड चालू आहे, कुठं ट्रॅक्टर रुतलाय, सगळी खबर त्यावरून. कारखान्याचं नाव लिहीत नाही. बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेचा एक, एवढं पुरे.

आज आपण मोबाईल उघडतो आणि नकाशावर आपली जागा दिसते. जवळचे टॉवर, वायफाय यांच्या सिग्नलवरून फोन अंदाज बांधतो. तोच अंदाज आम्ही हातानं बांधायचो. एखाद्या जीपमधल्या माईकचं बटण दाबलेलंच अडकून राहिलं की सगळा चॅनल बंद पडायचा. मग ती जीप शोधायची कशी? घरावर टीव्हीचा असतो तसला दांड्यांचा अँटेना घ्यायचा, त्याला सिग्नल मोजायचा मीटर जोडायचा आणि गोल फिरायचं. ज्या दिशेला मीटरची सुई सगळ्यात जास्त चढेल, त्या दिशेला नकाशावर एक रेघ. मग दुसऱ्या गावाला जाऊन दुसरी रेघ. तिसरीकडून तिसरी. रेघा जिथं एकमेकींना छेदतात, सेट त्याच्या आसपास. मी अशा कितीतरी जीपा शोधून काढल्या होत्या. एकदा तर एक ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नात जीप घेऊन गेलेला सापडला होता!

तर मार्च संपत आलेला. हंगाम उतरणीला. सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोच कारखान्याची जीप दारात उभी राहिली. ड्रायव्हर महादूतात्या, साठीला आलेले, एरवी गप्पिष्ट. त्या दिवशी खाली उतरलेसुद्धा नाहीत.

"सायेब, चला. कुसुमताईनं बोलावलंय. त्यो तुमचा दांड्याचा अँटेना संगं घ्या."

"कुणाचा माईक अडकला?"

"माईक न्हाय. भगवानराव कालधरनं घरला आल्यालं न्हाईत."

भगवानराव म्हणजे शेतकी खात्याचे ओव्हरसियर. पन्नाशीचे, किडकिडीत, सफारी घालायचे. वायरलेसवर त्यांचं नाव 'शेतकी तीन'. तात्यांनी वाटेत सगळं सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी ते मोटरसायकलवरून अंथुर्ण्याच्या शिवारात उसाची पाहणी करायला गेले. दुपारपासून सेटवर उत्तर नाही. आम्ही निघालो त्याच दिवशी पहाटे मोटरसायकल सापडली — अंथुर्ण्याजवळ, कालव्याच्या भरावाखाली आडवी पडलेली. गाव कालव्यावर लोटलं होतं. पोहणारे उतरले होते.

"मग मला कशाला नेताय, तात्या?"

तात्यांनी गियर बदलला. मग म्हणाले, "कुसुमताई म्हन्ती, त्येंचा सेट बोलतुया."

कुसुमताई म्हणजे बेस स्टेशनच्या ऑपरेटर. सगळ्या ओव्हरसियरना आवाजावरून, नुसत्या श्वासावरून ओळखणारी बाई. मी खोलीत शिरलो तर कानाला हेडफोन, समोर गार झालेला चहा. काही न बोलता त्यांनी मला हेडफोन दिला. म्हणाल्या, "थांब जरा. येईल."

आणि आलं.

आधी दोनदा टक, टक — बटण दाबून सोडल्यासारखं. मग चॅनल उघडल्याची खरखर. त्यात एक घसा खाकरल्याचा आवाज. पुढं काहीच नाही. थोड्या वेळानं चॅनल बंद.

माझ्या अंगावर काटा वगैरे आला नाही. उलट आनंद झाला. कारण भगवानरावांची ही सवय आम्हा सगळ्यांना पाठ होती. बोलण्याआधी दोनदा बटण दाबणार, खाकरणार, मग "बेस, शेतकी तीन". कुसुमताई त्यांना चिडवायच्या, खाकरल्याशिवाय तुमचा सेट चालत नाही का म्हणून.

"मी हाका मारून दमले," त्या म्हणाल्या. "शेतकी तीन, बोला, शेतकी तीन, बोला... बोलत नाहीत. नुसते खाकरतात. कुठंतरी पडलेत रे ते. बोलता येत नसेल."

"बाकीचे सेट?"

"सगळे मोजले. जागच्या जागी आहेत."

"बॅटरी कालची आहे. आत्तापर्यंत उतरायला हवी होती."

"बंद करून ठेवत असतील. मधनंमधनं चालू करत असतील. हुशार माणूस आहे तो."

मलाही ते पटलं. मी ऑफिसच्या गच्चीवर गेलो, अँटेना जोडला आणि फिरवत राहिलो. पुन्हा टक, टक, खरखर. सुई हलली. सिग्नल अगदी क्षीण होता, पण दिशा स्पष्ट. नकाशावर पहिली रेघ ओढली आणि मी चमकलो. कालवा एकीकडं राहिला होता आणि रेघ दुसरीकडंच चालली होती.

एका रेघेवर काही ठरत नाही. म्हणून आम्ही अंथुर्ण्याला गेलो, जिथं मोटरसायकल सापडली त्याच जागी. भरावावर ही गर्दी. पाटबंधारे खात्याची माणसं पाणी कमी करायची खटपट करत होती. भगवानरावांच्या पत्नी, सुमनकाकी, एका बाभळीखाली दोन बायकांच्या मधे बसलेल्या. त्या रडत नव्हत्या. पाण्याकडं बघत होत्या, एवढंच.

मी भरावावर उभा राहून अँटेना फिरवला. कालव्याकडं तोंड केलं की सुई मेलेली. कालव्याकडं पाठ केली की चढायची. दोनदा केलं, तीनदा केलं. तेच.

बंदोबस्ताचे हवालदार बघत होते. "काय वो, ह्या काड्या फिरवून मानूस घावतो व्हय?"

"माणूस नाही, सेट घावतो," मी म्हणालो. "सेट त्यांच्या कमरेला आहे. आणि सेट कालव्यात नाही."

हे महादूतात्यांनी ऐकलं आणि मी थांबवायच्या आत ते बाभळीकडं गेलेसुद्धा. "वयनी, उटा. मालक पान्यात न्हाईत. त्येंचा सेट बोलतुया... तिकडं, माळाच्या अंगाला."

सुमनकाकी उठल्या आणि सरळ जीपमध्ये येऊन बसल्या. कुणी काही म्हणायच्या आत. बरोबरच्या बायकांनाही त्यांनी येऊ दिलं नाही. मी जीपमधला सेट चालू ठेवला होता. निमगाव केतकीच्या वाटेवर तो पुन्हा वाजला. टक, टक. खरखर. खाकरणं.

काकींनी माझा दंड घट्ट धरला. "ह्ये त्येंचंच हाय. घरी बी आसंच. दारात पाय ठिवायच्या आदी खाकरत्यात."

माझ्या मनात उरलीसुरली शंका होती तीही तिथंच संपली. बायको नवऱ्याचं खाकरणं चुकणार आहे का?

निमगावला शेतकी गट ऑफिसच्या पत्र्यावर चढून तिसरी रेघ घेतली. बाजाराचा दिवस होता, खाली ही वर्दळ, आणि मी वर अँटेना घेऊन गोल फिरतोय. लोक हसत होते. पण रेघा अशा जुळल्या की मी स्वतःवरच खूश झालो. तिन्ही मिळून एवढासा त्रिकोण — निमगावच्या उत्तरेला, लोणी देवकरच्या बाजूच्या माळावर. त्या भागात तेव्हा औद्योगिक वसाहतीचं नाव नुसतं ऐकू यायचं. पण आम्ही निघालो होतो तो माळ त्याच्याही अलीकडचा. ऊस नाही, विहिरीला पाणी नाही, मेंढरांच्या वाटा तेवढ्या.

"तितं काय करायला गेलं आसतील?" तात्यांनी गाडी वळवता वळवता विचारलं. "तितं कारखान्याच्या उसाचं एक टिपरं बी न्हाय."

प्रश्न बरोबर होता. मोटरसायकल अंथुर्ण्याला आणि माणूस इतक्या लांब माळावर, चालत? मी म्हणालो, डोक्याला मार लागला असेल, भ्रमात चालत गेले असतील. काकी म्हणाल्या, "आदी चला. मग इचारू त्येंनाच."

ऊन चढलं होतं. गाडीवाट संपली तिथं जीप लावली आणि आम्ही तिघं चालत निघालो. सिग्नल इतका वाढला होता की मोठ्या अँटेनाचा उपयोग राहिला नाही, कुठंही फिरवा, सुई टोकालाच. अशा वेळी आम्ही एक युक्ती करायचो. हातातल्या सेटचा अँटेना काढायचा, सेट छातीशी धरायचा आणि जागेवर फिरायचं. ज्या दिशेला पाठ केल्यावर आवाज पडतो, तिकडं समोरचा सेट. कारण मधे आपलंच अंग येतं. तसं करत करत मी पुढं जात होतो. काकी माझ्या मागोमाग. त्यांची चप्पल कुठंतरी तुटली होती, हातात घेतली होती.

टक, टक. आता खरखर नव्हती. स्वच्छ, कानाशी. अँटेना नसलेल्या सेटवर इतका स्वच्छ आवाज यायचा तर समोरचा सेट हाताच्या अंतरावर पाहिजे.

समोर मुरमाचा ढीग होता. त्याच्यापलीकडं विहीर. विहीर म्हणजे काय — पाणी लागलं नाही म्हणून अर्धवट सोडून दिलेला खड्डा, दोन पुरुष खोल, कठडा नाही, काठाला रानगवत. मी काठावर उभा राहिलो आणि सेटवरचा आवाज टोकाला पोचला. आजूबाजूला बघितलं. ढिगाच्या मागं बघितलं. कुणी नाही. सेट नाही, माणूस नाही.

"भगवानराव!" तात्यांनी हाळी दिली.

काकी गुडघ्यावर बसल्या, काठाला हात टेकले आणि खाली वाकल्या. "आवं... आवं, ऐकू येतंय का?"

खालून आवाज आला. बारीक, चिरका.

"कोन हाय वर? बया... पानी द्या वो."

बाईचा आवाज होता.

काकी तशाच वाकलेल्या राहिल्या. मी वरून त्यांची पाठ बघत होतो. तो क्षण मी कधी विसरणार नाही, आणि नीट सांगताही येणार नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत एवढाच प्रश्न — ह्ये कोन?

मी सेटकडं बघितलं. चॅनल शांत होता.

मग काकीच उठल्या. म्हणाल्या, "तात्या, दोर आना. पयलं पानी सोडा खाली."

जीपमधून दोर आणला, पाण्याचा कॅन बांधून सोडला. मी जवळच्या वस्तीवर पळत जाऊन दोन-तीन गडी आणि एक खाट आणली. त्यातला एक खाली उतरला. बाईचा पाय मांडीपासून मोडला होता. खाटेला दोर बांधून, त्यावर तिला निजवून वर घ्यायला बराच वेळ गेला. नाव हिराबाई. चाळिशीची. एकेकाळी मेंढरं राखणाऱ्या घरातली, आता चार शेरडं आणि दुसऱ्याच्या रानातली रोजगारी. इंदापूरला लेकीकडं जायला म्हणून माळावरची जवळची वाट धरली, अन् गवतात काठ न दिसून पाय खड्ड्यात गेला. घरच्यांना वाटत होतं ती लेकीकडं पोचली. लेकीला ती येणार हेच माहीत नव्हतं. म्हणजे तिला शोधणारं जगात कुणीच नव्हतं.

काकींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ओंजळीनं थोडं थोडं पाणी पाजत होत्या. आम्ही तिला जीपपाशी आणून सावलीत ठेवलं होतं, आणि जीपचा सेट चालूच होता.

"बेस टू जीप." कुसुमताई. "महादूतात्या... सेट जरा बाजूला घ्या."

जीपमधला सेट बाजूला कसा घेणार? तात्यांनी माईक उचलला. "बोला."

"भगवानराव सापडले. पाणी उतरलं तसे... अंथुर्ण्याच्या खालच्या गेटला. ओव्हर." ओव्हर म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

मग मीच तात्यांच्या हातातून माईक घेतला आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. "सेट?"

"कमरेलाच आहे."

काकींचा हात थांबला नाही. ओंजळीतलं उरलेलं पाणी त्यांनी त्या बाईला पाजलं. पदरानं तिचं तोंड पुसलं. मग तिचं डोकं हळूच खाली ठेवलं, उठल्या, आणि माळावर एकट्याच लांब चालत गेल्या. तात्या त्यांच्या मागं निघाले, पण थोडं अंतर ठेवून उभे राहिले. तिकडून आलेला आवाज मला लिहायचा नाही.

हिराबाईला इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

पोस्टमॉर्टेममध्ये आलं की भगवानराव आदल्या दिवशी दुपारच्या आतच गेले होते. डोक्याला कालव्याच्या दगडी अस्तराचा मार. म्हणजे आम्ही कालवा सोडून माळावर गेलो नसतो तरी काही फरक पडणार नव्हता. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

पंचनामा झाल्यावर सेट आमच्या दुकानात आला. मी स्वतः उघडला. चामड्याच्या कव्हरचं बक्कल लावलेलंच होतं. झाकण काढल्यावर आतून पाणी आणि गाळ आला. बॅटरी ठार मेलेली. असला सेट पाण्यात गेल्यावर थोडा वेळसुद्धा चालणं शक्य नाही. आणि पाण्याखालून तो सिग्नल कारखान्याच्या टॉवरपर्यंत जाणं तर त्याहून अशक्य.

मग काय होतं ते?

मी मुळापासून विचार केला. सिग्नल कशावर तरी आपटून परत येतो, दिशा फसवतो, हे होतं. पण तीन ठिकाणांहून तीन रेघा एकाच जागी फसत नाहीत, आणि चालत त्या जागी गेल्यावर सुई टोकाला जात नाही. दुसरा कुणाचा सेट? मी लोणी देवकरच्या बाजूला जाऊन विचारून आलो. तेव्हा तिकडं वायरलेस वापरणारं कुणी नव्हतं. आमच्या चॅनलवर तर नाहीच. कुणी थट्टा केली म्हणावं, तर सेट काठावर सापडायला हवा होता. पायाचे ठसे तरी?

हिराबाईला मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. खरं तर हे विचारायलाच गेलो होतो. तिची आणि भगवानरावांची ओळख होती का? नाही. तिनं त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

"वर कुणी आलं होतं का, आमच्या आधी?"

"आलं हुतं की," ती म्हणाली. "रेडू घिऊन कोन तरी बसलं हुतं काटावर. खरखर येत हुती. मी लई हाका मारल्या — ओ दादा, ओ दादा... पर त्यो वाकून बगना."

"दिसला का?"

"न्हाय. नुस्ता खाकरायचा. मला वाटलं, बहिरा हाय वाटतं बापडा. पर बरं वाटायचं. कोन तरी हाय म्हनून."

मी तिथून उठून बाहेर आलो आणि दवाखान्याच्या आवारातल्या नळावर तोंड धुतलं. बराच वेळ धूत होतो.

कुसुमताईंनी पुढं थोड्याच दिवसांत बेस स्टेशनची ड्युटी सोडली, टाइम ऑफिसमध्ये बदली मागून घेतली. मी त्यांना हिराबाईचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला आश्चर्य का वाटतंय? भगवानराव सेटवर स्वतःसाठी कधी काही बोललेत का? अमक्याच्या वस्तीवर बाई अडलीय, जीप पाठवा. तमक्याचा बैल नाल्यात पडलाय, माणसं पाठवा. साहेब लोक ओरडायचे त्यांना, चॅनल अडवतोस म्हणून." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या दृष्टीनं तो आजही संपलेला नाही. माणूस चांगला होता म्हणून बॅटरीत चार्ज येत नाही.

मध्ये काही वर्षं गेली. दशक संपायला आलं होतं. बारामतीच्या स्टँडवर सुमनकाकी भेटल्या. डोळे तपासायला आल्या होत्या, निमगावकडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या. मला वाटलं ओळखणार नाहीत. पण त्यांनीच हाक मारली, शेजारी बसवलं, लग्न झालं का विचारलं. मग आपणहून म्हणाल्या, "ती हिराबाई येती बगा घरला. दिवाळीच्या आदी. लंगडत. पयल्या साली मी दार उगडलं न्हाय."

"आणि आता?"

"आता उगडते. तिची काय चूक?" मग म्हणाल्या, "पर ती गेली की रागबी येतो मला. तिचा न्हाय. ह्येंचा. येवडी हाका मारायची ताकद हुती तर मला एक हाक मारायची व्हती. कायबी बोलले न्हाईत माज्याशी."

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"भाऊ, तुमचं ह्यातलं शिक्शान झालंय. खरं सांगा. त्या दिवशी त्ये कुठं हुते?"

"कालव्यात होते, काकी. डॉक्टरांनी लिहून दिलंय ना..."

"डाक्टरचं मला ठावं हाय. तुमची सुई काय म्हनत हुती?"

खोटं बोलायचं तर तिथंच बोलायला हवं होतं. "माळावर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. फलाटाला गाडी लागत होती, लोक धावत होते, आणि त्या पिशवी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. "दरसाली त्येंच्या तितीला मी कालव्यावर जाते. फुलं सोडते. पर मन काय लागत न्हाय तितं. त्या माळावर जाऊन इऊ का एकदा?"

मी, ज्यानं आयुष्यात कधी कुठल्या देवाला नवस केला नाही, लिंबू-मिरची बांधू दिली नाही, त्या मी त्यांची पिशवी उचलली, त्यांना गाडीत चढवून दिलं आणि म्हणालो, "जा, काकी."

कशाच्या आधारावर म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.